असईसाठी मराठा फौज रंगवायचीये, सुरुवात कुठून करू?

प्रश्न लांबलचक होता, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणाऱ्यांनी आजवर विमानं-रणगाड्यांची प्लास्टिक किट्स केलीयेत, आता टेबलावर खेळायला १८०३ ची असईची लढाई (आर्थर वेलस्लीची इंग्रज कंपनीची फौज विरुद्ध शिंदे-भोसले) उभी करायचीये, दोन्ही बाजू, २८ मिमीमध्ये (म्हणजे माणूस साधारण २८ मिमी उंच), बजेट बेताचं, बाहेरून मागवावं की इथेच काही जमेल, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ की "मराठे सगळे भगव्यात रंगवले तर चालतील ना?"

शेवटच्या ओळीपासून सुरू करतो कारण तिथेच फौज बिघडते. नाही चालणार. भगवा झेंड्याला. स्वार स्वतःच्या कपड्यांत यायचा, गणवेश नावाची भानगड फक्त कवायती, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या, पलटणींना. जेम्स वेल्सने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणीसांचं जे चित्र काढलं ते एकदा नीट बघा, दरबारात सुद्धा पांढऱ्या मलमलीचं राज्य आहे, रंग आहे तो पगडीला, शेल्याला, काठाला. मग रोज घोड्यावर धूळ खाणाऱ्या शिलेदाराच्या अंगावर काय असणार? मळका पांढरा. म्हणजे लांबून बघितलं तर मराठा घोडदळ हा एक मोठा मळकट पांढरा पट्टा आणि त्यावर लाल-गुलाबी-हळदीचे ठिपके असं दिसलं पाहिजे. मी साधारण दोन तृतीयांश अंगरखे पांढऱ्याच्या निरनिराळ्या छटांत ठेवतो, उरलेल्यांना फिका पिवळा, विटका गुलाबी, एखादा हिरवट, आणि पगड्यांसाठी चार-पाचच रंग ठरवून तेच फिरवत राहतो. रंग जास्त घेतले की रंगीबेरंगी जत्रा होते, फौज होत नाही. शेजारी-शेजारी दोघांची पगडी एका रंगाची येऊ द्यायची नाही एवढंच सांभाळायचं.

आता स्केल. २८ मिमी दिसायला देखणं आहे यात वाद नाही, चेहरे रंगवायला मजा येते, मिशा वगैरे काढता येतात. पण असई ही चाळीस माणसांची चकमक नाहीये. हिशोब करून बघा. वेलस्लीकडचे कवायती सैनिक साधारण साडेचार हजार, समोर शिंद्यांचं कवायती पायदळ दहा हजाराच्या थोडं वर, त्यात शिंद्यांकडच्या जर्मन अधिकारी पोलमनची ब्रिगेड सगळ्यात मोठी, शिवाय सरधन्याच्या बेगम समरूच्या आणि दुसरा युरोपीय अधिकारी ड्यूपाँ याच्या पलटणी. तेहतीस माणसांमागे एक फिगर धरली तरी वेलस्लीचे, कवायती घोडदळ धरून, सव्वाशे-दीडशे आणि समोरचे सव्वातीनशे, आणि समोरचं ते फक्त पायदळ बरं का, घोडदळ आणि तोफा वेगळ्या. हे २८ मिमीमध्ये करायला दोन-तीन वर्षं, पैसा आणि जेवणाच्या टेबलापेक्षा मोठं टेबल लागेल. १५ मिमी घ्या. घर लहान असेल, कपाटात एकच खण मिळणार असेल तर १० मिमी. ६ मिमीमध्ये फौज सगळ्यात जास्त फौजेसारखी दिसते हे खरंय पण तुम्ही किट्सवाले आहात, तुम्हाला डिटेलचा शौक असणार, कंटाळाल. आणि १५ मिमी घेताना एक बघा, काही कंपन्यांचे १५ हे प्रत्यक्षात १८ असतात, एकाच पलटणीत दोन कंपन्या मिसळल्या तर अर्धे शिपाई शाळकरी पोरं वाटतात. पलटणीगणिक कंपनी वेगळी चालते, पलटणीच्या आत नको.

१/७२ चे मऊ प्लास्टिकचे डबे स्वस्त पडतात, तुम्हाला ते माहीत असतीलच. ते वापरायचे तर आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्या, मोल्डचं तेल राहतं त्यावर, आणि रंग वाकल्यावर तडकतो, म्हणून भाले आणि बंदुकीच्या नळ्यांवर पातळ फेव्हिकॉलचा हात आधी मारला तर बरंच टिकतं. या काळातले नेमके मराठे मात्र त्यात मिळायची आशा ठेवू नका.

खर्च कमी करायच्या दोन जागा इतिहासानेच दिल्यात. एक, शिंदे-भोसल्यांचं तीस हजाराच्या वर घोडदळ होतं म्हणतात पण त्या दिवशी ते जवळजवळ लढलंच नाही, पश्चिमेला उभं राहिलं. त्यामुळे ते सगळं रंगवायची गरज नाही, टेबलाच्या कडेला सहा-आठ बेस (फिगर चिकटवायच्या चकत्या) ठेवा, नियमांत त्यांना फासा टाकून हलवायची सोय ठेवा, बास. दोन, वेलस्लीच्या बाजूलाही म्हैसूरचे आणि पेशव्यांचे मराठा स्वार होते! म्हणजे तेच स्वार दोन्हीकडे चालतात, आज या बाजूने उद्या त्या बाजूने, फक्त झेंडा बदलायचा. (झेंडेवाला बेस वेगळा ठेवायचा तो यासाठीच.)

खरेदीचं बोलायचं तर १८०३ चे म्हणून तयार मराठे शोधत बसलात तर निराश व्हाल, रेंज थोड्या आहेत. मुघल किंवा एकूणच अठराव्या शतकातले हिंदुस्थानी स्वार घ्या, दख्खनी शिलेदार म्हणून बिनधास्त खपतात, फार तर पगडीवर एम-सीलची एक पातळ वळी चढवायची. ग्रीन स्टफ (मॉडेलवाल्यांची इपॉक्सी पुट्टी) मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर एम-सील काही वाईट नाही, फक्त घट्ट व्हायच्या आत पाण्याचं बोट फिरवून गुळगुळीत करा. बाहेरून मागवताना एकदम मोठी ऑर्डर टाकू नका, एकेका पलटणीची टाका, ड्यूटी आणि कुरियरचे हँडलिंग चार्जेस धरूनच हिशोब करा. फायदा पैशापेक्षा दुसराच आहे, समोर न रंगवलेल्या शिशाचा डोंगर पडला की हात चालत नाही. पुढची पलटण पहिली टेबलावर आल्याशिवाय नाही, हा नियम मी पाळतो आणि पाळायला लावतो.

हल्ली रेझिन प्रिंटिंग आलंय, फाइल विकत घेऊन ओळखीच्याकडून प्रिंट करून घेता येते आणि १५ मिमीला दर्जा फार छान येतो. घरी प्रिंटर घेणार असाल तर हातमोजे, मास्क, उघडी खिडकी हे सगळं खरोखर पाळा, न सुकलेलं रेझिन अंगाला लागणं चांगलं नाही आणि झोपायच्या खोलीत तर मशीन नकोच. प्रिंट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन, यूव्हीखाली पूर्ण पक्कं करून मगच रंग. रेझिनचे भाले मात्र बघता बघता तुटतात. ते आधीच कापून टाका आणि अर्धा मिलिमीटर स्टीलची तार लावा. मराठ्यांचा भाला बांबूचा, लांब, म्हणून तो चॉकलेटी रंगवू नका. पिवळसर मातकट रंग, त्यावर थोड्या थोड्या अंतरावर तपकिरी रेघ, पेरं म्हणून. एवढ्यानेच माहितगार माणूस टेबलापाशी वाकून बघतो. २८ मिमीला खराट्याची हीर पण चालते.

प्राइमर. तुम्ही स्प्रे वापरत असाल, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा मॅट स्प्रे धातूच्या फिगरला ठीक आहे, पण कुठलाही स्प्रे जून ते सप्टेंबर कोकण-मुंबई-पुण्याकडे सांभाळूनच. हवेत दमटपणा असला की प्राइमर खरखरीत बसतो आणि मॅट वार्निश तर पांढरं धुकं धरतं, झालेलं काम डोळ्यांदेखत जातं. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्राइमर वापरा, किंवा ते चार महिने नुसती साफसफाई, जोडणी आणि बेस करा. प्राइमरचा रंग मराठ्यांसाठी फिका तपकिरी किंवा राखाडी, कारण पांढरे कपडे त्यावर दोन हातांत उठतात. काळ्यावर पांढरा चढवत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

रंग कोणते. वालेहोचे ड्रॉपर बाटलीतले रंग सोयीचे, पिगमेंट बारीक असतं, पातळ केले तरी झाकतात. पण सगळे तेच पाहिजेत असं नाही. कॅमलचे आर्टिस्ट अ‍ॅक्रिलिक ट्यूबमधले मी तपकिरी, गेरू, काळा आणि बेसच्या मातीसाठी अजून वापरतो, जाड असतात म्हणून पाणी आणि थोडं मॅट मीडियम घालून दोन पातळ हात. त्यात लाल, पिवळा आणि पांढरा मात्र कमी पडतात, झाकतच नाहीत, त्या तिघांवर पैसे खर्च करा. फॅब्रिक कलर चुकून घेऊ नका, रबरासारखा बसतो. ब्रश एकच चांगला घ्या, १ नंबर, टोक धरणारा, आणि कोरड्या ब्रशच्या कामाला (रंग जवळजवळ पुसून नुसत्या उंचवट्यांवर ब्रश झटकायचा) दोन स्वस्तातले. तीन शून्य असलेले बारीक ब्रश नवीन माणूस हौसेने घेतो, त्यात रंग टोकापर्यंत पोचायच्या आत वाळतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. पंखा बंद करा किंवा वेट पॅलेट करा, प्लास्टिकचा डबा, त्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, काम झालं.

आता प्रत्यक्ष रंगवणं. किट्सवाल्यांची एक सवय मोडावी लागते, एकच पीस हातात घेऊन तो संपेपर्यंत न सोडायची. इथे दहा-बारा फिगर आइस्क्रीमच्या काड्यांवर चिकटवायच्या आणि एक रंग सगळ्यांना, मग दुसरा रंग सगळ्यांना. आतून बाहेर यायचं, आधी कातडी, मग अंगरखा, मग शेला-पगडी, मग ढाल-तलवार-पट्टे. आणि सगळं तीन फुटांवरून बघायचं, खेळताना डोळा तेवढ्याच अंतरावर असतो. डोळ्यांची बुबुळं १५ मिमीला काढू नका हो, दचकल्यासारखे दिसतात सगळे.

एक स्वार पूर्ण सांगतो म्हणजे कल्पना येईल. कातडीला बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर, चिमूटभर पांढरा. बाहेरच्या गाइडमध्ये दिलेले गुलाबी फ्लेश रंग इथे लावले तर सगळे स्कॉटलंडहून आल्यासारखे वाटतात. अंगरख्याला आधी खाकी-राखाडी, पूर्ण. मग चुण्यांच्या खाचा सोडून हस्तिदंती, मग फक्त खांद्यावर, गुडघ्यावर आणि बाहीच्या वरच्या कडेला मोडका पांढरा (ऑफ-व्हाइट). शुद्ध पांढरा बाटलीतच राहू द्या. मग सगळ्यावर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाण्यासारखा रंग), पण पांढऱ्यावर तो अर्धा पाणी घालून, नाहीतर चहा सांडल्यासारखं होतं. वॉश पूर्ण वाळल्यावर नाक, गालफड, मुठी यांना कातडीचाच एक उजळ ठिपका, मिशीची एक काळी रेघ, पगडीच्या दोन घड्यांवर उजळ रेघ, ढालीवर चार पिवळी फुलं. झाला स्वार. कॉन्ट्रास्ट किंवा स्पीडपेंट प्रकारचे (एकाच हातात छाया आणि उजेड देणारे पातळ) रंग असतील तर फिक्या प्राइमरवर शेले-पगड्या एका हातात होतात, घोड्यांना तर ते फारच छान.

घोड्यांवरून आठवलं, सगळे एकाच तपकिरीत रंगवू नका. जुन्या मराठीत घोड्याच्या रंगांना किती शब्द आहेत, तेच यादी म्हणून वापरा. कुम्मैत जास्त, अंग लालसर तपकिरी आणि आयाळ-शेपूट-पाय काळे. मग थोडे पिवळसर, थोडे पांढरट राखाडी, एखादा अबलख (पांढऱ्यावर गडद धब्बे), आणि सरदाराला पंचकल्याणी द्या, चारी पाय आणि कपाळ पांढरं. सगळ्याच घोड्यांना पांढरे मोजे घातले की पंचकल्याणीची किंमत राहत नाही. भीमथडीची तट्टं अंगाने लहान असतात, त्यामुळे एखाद्या कंपनीचे घोडे बारके निघाले तर ते मराठ्यांकडे टाका, वेलस्लीच्या ड्रॅगूनना (गोऱ्या स्वारांना) मोठे द्या.

कवायती पायदळात अडचण वेगळी आहे. शिंद्यांचा युरोपीय सेनानी द बॉइन याने उभ्या केलेल्या तेलंगा (कवायती शिपायांच्या) पलटणी लाल डगल्यात, आणि कंपनीचे मद्रासी शिपाईही लाल डगल्यात, टेबलावर तीन फुटांवरून सगळी खिचडी होते, खेळणारा स्वतःच्याच पलटणीवर गोळीबार जाहीर करतो. मी लाल दोन ठेवतो, कंपनीला स्वच्छ शेंदराकडे झुकणारा लाल आणि शिंद्यांना गडद, विटकरीकडे जाणारा. शिवाय बेसची मागची कड एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला तपकिरी. गोऱ्या पलटणी दोनच आहेत, ७४ आणि ७८, दोन्ही हायलँडर, कॉलर-कफचं कापड ७४ चं पांढरं आणि ७८ चं बदामी, एवढं केलं तरी पुरतं. ७४ वाल्यांना दोन-चार पडलेल्या माणसांचे जास्तीचे बेस करून ठेवा, असई गावासमोर त्यांची जी वाताहत झाली त्यामुळे खेळात त्यांना ते लागतातच.

वेळ घालवायचा असेल तर तोफांवर घालवा. असईला शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि इंग्रजांकडची दीड हजारावर माणसं पडली-जखमी झाली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. आठ तोफांमागे एक मॉडेल धरलं तरी बारा मॉडेल येतात, ओळीत मांडली की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. नळी पितळी, पण सोनेरी रंग थेट लावू नका, आधी गडद तपकिरी, मग जुनं पितळ, वर तोंडाशी आणि कड्यांवर उजळ. तोंडाच्या आत काळा आणि बाहेर काजळीचा हलका कोरडा ब्रश. आणि एक महत्त्वाचं, गोलंदाज तोफेच्या बेसवर कायमचे चिकटवू नका. त्या दिवशी इंग्रजांची रांग तोफा ओलांडून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग करून पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून पुन्हा तोफा डागल्या. हे टेबलावर दाखवायचं तर तोफ जागेवर राहून गोलंदाज उचलता आणि परत ठेवता आले पाहिजेत. वेगळ्या छोट्या गोल बेसवर ठेवा. ओढायला बैल हवेत, दोन जोड्या पुरतात, पांढऱ्या-राखाडी रंगात, लांब मागे वळलेली शिंगं, खिल्लार डोळ्यासमोर आणा.

झेंडे छापून घ्या. साध्या कागदावर लेझर प्रिंट (इंकजेटचं पाणी लागलं की पसरतं), कापून, पातळ फेव्हिकॉल लावून काठीभोवती दुमडायचा आणि ओला असतानाच ब्रशच्या दांड्यावर लाटा द्यायच्या. कागदाची पांढरी कड दिसते ती झेंड्याच्याच रंगाने बुजवायची, आणि लाटेच्या वरच्या भागावर भगव्याची एक उजळ छटा. जरीपटक्याला धातूचा सोनेरी न लावता गेरू आणि त्यावर पिवळ्या बारीक रेघा, धातूचा रंग इतक्या लहान आकारात नुसता मळकट दिसतो.

आणि बेस. इथे माझं जरा भांडण आहे. हिंदुस्थान म्हटलं की बाहेरचे बहुतेक लोक पिवळी वाळू टाकून मोकळे होतात, आणि त्यांचं बघून आपलेही. अहो, लढाई झाली २३ सप्टेंबरला, भोकरदनकडे, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. सप्टेंबरच्या शेवटी जालना जिल्ह्यात वाळवंट असतं का? काळी जमीन, ओली, बांधावर हिरवं गवत, नाल्यांना पाणी, नदी तर एवढी भरलेली की वेलस्लीला उतार शोधावा लागला, आणि समोरासमोर दोन गावं आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच या तर्काने तो पिंपळगाव-वारूडच्या बाजूला गेला. त्यामुळे बेसला काळपट तपकिरी करा. मी बारीक चाळलेली माती फेव्हिकॉलवर टाकतो, वाळली की पातळ फेव्हिकॉलचा आणखी एक हात, मग जवळजवळ काळा तपकिरी रंग आणि वर अगदी हलका राखाडी-तपकिरी कोरडा ब्रश. काळी माती वाळली की राखाडी दिसते, लालसर नाही, हे लक्षात ठेवा. मग स्टॅटिक गवत (मॉडेलसाठीचं बारीक कृत्रिम गवत), हिरवं जास्त आणि थोडं पिवळं मिसळून, बेसचा निम्मा भाग उघडा ठेवून. मळकट पांढरे कपडे या काळ्या-हिरव्यावर जे उठून दिसतात ते पिवळ्या वाळूवर कधीच दिसत नाहीत, म्हणजे इतिहास पाळला आणि वर दिसायलाही बरं.

चहाचा चोथा, वाळलेलं शेवाळ असलं घरगुती सामान बेसवर लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. कोरड्या देशात ठीक, आपल्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात बुरशी धरते. लावायचंच तर ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात पूर्ण वाळवून, वर वार्निश मारून.

वार्निश आधी एक ग्लॉस, मग मॅट. फिगर बोटांनी उचलल्या जातात, घाम लागतो, नुसत्या मॅटने भाल्यांची टोकं आणि टोप्या पहिल्यांदा उघड्या पडतात. ठेवायला बेसखाली चुंबकाची शीट आणि पत्र्याचा टूलबॉक्स, आत सिलिका जेलच्या पुड्या. शिशाच्या जुन्या फिगर असतील तर कानशीने घासताना निघणारी पूड ओल्या कपड्याने पुसा, हात धुवा, घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे म्हणून पोरं उचलून नेतात, हे सगळ्यांच्याच घरी होतं.

टेबल सहा बाय चार फूट पुरे. दोन नद्या निळ्या रेक्झिनच्या पट्ट्यांनी, असईचं गाव म्हणून पुठ्ठ्याची चार-पाच मातीची घरं आणि भोवती मातीची भिंत. दोन्ही फौजा तुम्हालाच कराव्या लागतील हे गृहीत धरा, इथे समोरचा भिडू स्वतःची १८०३ ची फौज घेऊन येईल अशी शक्यता जवळपास शून्य.

क्रम असा ठेवा की पहिल्यांदा कंपनीची एक शिपाई पलटण, शिंद्यांची एक पलटण, दोन तोफा आणि मराठा स्वारांचे चार बेस. एवढ्यावर छोटी चकमक खेळता येते आणि दोन्ही लाल शेजारी ठेवून फरक पुरेसा पडतोय का तेही कळतं, नसेल तर तिसरी पलटण रंगवायच्या आत बदला. प्रत्येक रंगाचं मिश्रण वहीत ठिपका देऊन लिहून ठेवा, सहा महिन्यांनी तोच विटकरी लाल परत जमवताना वहीच कामाला येते. कुणी रंगवलेली जुनी फौज विकत असेल आणि स्वस्तात मिळत असेल तर रंग आवडला नाही तरी घ्या, बेस खरवडून काळ्या मातीचे करा, पगड्या आणि शेले बदला, नवीन प्राइमर मारायचीही गरज पडत नाही. किती जागा आहे आणि महिन्याला किती तास मिळतात ते कळवा, मग १५ की १० ते पक्कं सांगतो.